लावायचा बर्फ, खायचा बर्फ

"चैतू, बर्फ फोडून राहिली का मुडदा पाडून राहिली?"

ताई ओरडली, पण मी ऐकते थोडीच! कपडे धुवायची मोगरी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लादीवर अशी हाणली, की आतून कडाड् झालं आणि भिंतीपलीकडचं इंगळेकाकूंचं कुत्रं भुंकत सुटलं. परत हाणली. परत. गोणपाटाच्या भोकांतून कपच्या उडून गालावर बसत होत्या, टोचत होत्या आणि लगेच पाणी होऊन गळ्यात उतरत होत्या. अकोटचा मे महिना. ऊन अजून अर्ध्या अंगणातही आलं नव्हतं, तरी टिनाचं छत तडतडायला लागलं होतं. अशा दिवसांत हात दुखेपर्यंत काहीतरी बडवायला मिळणं, आणि तेही बर्फ, म्हणजे नुसतं सुख!

"भुगा नको करू," ताई म्हणाली. "सुपारीएवढे तुकडे पाहिजेत. भुगा लगेच विरघळतो."

"आणि मोठे राहिले तर?"

"मग पेल्याला चिकटून बसत नाहीत, मधे हवा राहते. हाण आता, पण अकलेनं हाण."

तेव्हा मी सातवी पास होऊन आठवीत जाणार होते. वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं, की घशात गोळा यायचा. मोगरी हातात असली, की मात्र मी वेगळीच पोरगी व्हायचे. आता दहावीत आहे. शाळेच्या कबड्डीच्या संघात चढाईला सगळ्यांत आधी मला पाठवतात, आणि तो घशातला गोळा कधी गेला असं कोणी विचारलं, तर तो दिवस मी जसाच्या तसा सांगू शकते. हाच तो दिवस.

त्या दुपारी भाऊजी येणार होते. धोंड्याचा महिना त्या वर्षी भर उन्हाळ्यात आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाचा जोडा पाटावर बसवायचा, लक्ष्मी-नारायण समजून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि अनारशांच्या ताटात दिवा ठेवून ते ताट जावयाच्या हाती द्यायचं. एवढं झालं की चारच्या बसने भाऊजी ताईला आणि सानूला अमरावतीला परत नेणार होते.

आणि ताईला जायचं नव्हतं.

तिने ते आदल्या दिवशी सांगितलंही होतं. बाबा दुकानातून जेवायला आले होते, आई वाढत होती.

"मारतो तो मला," ताई एकदम म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. "कोण? प्रमोदराव? अव, त्या माणसाचा आवाज तरी ऐकला का कधी कोणी?"

"आवाज करतच नाही तो."

"राग येते माणसाले," आई भाताकडे बघत म्हणाली. "आता धोंड्याचं बोलावणं गेलं माय. एवढं होऊन जाऊ दे, मंग बसून बोलू सगळे."

"मग बोलायला मी इथं असेन का, आई? पुढच्या वेळी तो माझ्या मानेला हात घालेल."

बाबांनी ताक मागितलं.

ताईच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती. ती आली तेव्हापासून होती. विचारलं, तर म्हणाली, दारात सापडली. आईने हळद तापवून लावली आणि घराने ते दार मान्य करून टाकलं. मीसुद्धा.

कांड्यांचं खूळ निघालं ते सानूमुळे. साडेतीन वर्षांची कार्टी, माझी भाची. आल्या आल्या तिने हातगाडीवरची लालभडक आईसकांडी खाल्ली, ओठ रंगवून घरभर नाचली आणि संध्याकाळी रंगाचीच उलटी केली. डॉक्टर म्हणाले, बाहेरचा बर्फ बंद. सानू म्हणाली, मग घरातला द्या. आमचा फ्रीज म्हणजे नावाचा फ्रीज. रोज दुपारी लाइट जायची आणि त्याच्यात ठेवलेलं पाणीसुद्धा धड गार व्हायचं नाही. तेव्हा ताई म्हणाली, "फ्रीज कशाला पाहिजे? कुल्फीवाले काय फ्रीज घेऊन फिरतात का?"

म्हणून ती लादी. बाबांनी ती सकाळी सायकलच्या कॅरिअरला बांधून बर्फाच्या कारखान्यातून आणून दिली होती. पाहुण्यांनाही काहीतरी गार होईल, या बोलीवर.

बर्फ फुटला, मग टरबूज फोडलं. सुरी घेऊन ताई येईपर्यंत मला कुठे धीर! घातलं गुडघ्यावर आणि मारली बुक्की. टरबूज फाटलं, अंगणभर लाल रस, माझा फ्रॉक लाल, सानू टाळ्या पिटायला लागली.

"राक्षसीण आहेस," ताई म्हणाली आणि माहेरी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

आम्ही टरबुजाचा गर बिया काढून चाळणीतून दाबला, त्यात लिंबू पिळलं, काळ्या मिठाची चिमूट टाकली. खरबुजात पिकलेलं केळं कुस्करलं, म्हणजे गोडीला दुसरं काही लागत नाही, आणि वर वेलची. गावरान आंब्यांचा रस काढला, त्यात घट्ट दही फेटलं. साखरेचा कण नाही, रंगाचा थेंब नाही. चहाचे उभट स्टीलचे पेले भरले. मी बांबूच्या कामट्या तासून, उकळून ठेवल्या होत्या, त्या मधोमध उभ्या केल्या. पितळेच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बर्फाचा थर दिला.

एवढ्यात मी बर्फाचा एक खडा तोंडात टाकला. ताईने पाठीत असा धपाटा घातला, की तो बाहेरच आला.

"थुंक! कोणत्या पाण्याचा आहे, देव जाणे. हा बर्फ खायचा नसतो."

"मग?"

तुळशीच्या ओट्यावर सानू बाहुली घेऊन बसली होती. तिने मानही वर केली नाही. "लावायचा असतो," ती म्हणाली.

ताईचा हात थांबला.

"हो," ती म्हणाली. "पेल्यांना लावायचा."

आणि मीठ टाकायच्या आधी तिने तो चिंधीचा हात मनगटापर्यंत बर्फात खुपसला आणि डोळे मिटून बसली. मला वाटलं, वा, काय ताकद आहे हिची! मी पण हात घातला. दहापर्यंत मोजून काढला, बधिर झाला. ताई बसलेलीच.

"आता मीठ," ती डोळे उघडून म्हणाली.

बर्फाचा एक थर, मूठभर खडेमीठ, परत बर्फ, परत मीठ. पेले त्यात गळ्यापर्यंत पुरले आणि खारट पाणी आत जाऊ नये म्हणून तोंडावर वाट्या उपड्या घातल्या. थोड्या वेळात गंजाच्या बाहेरून पांढरं दव धरलं. आत मिठाचं पाणी सुटलं होतं. मी बोट बुडवलं आणि किंचाळले. निखाऱ्यावर ठेवल्यासारखं झालं.

"भाजलं ना?" ताई म्हणाली. "मिठाचा बर्फ साधा नसतो. साध्याच्या कितीतरी पट गार. दर थोड्या वेळाने पेले फिरव, पण त्या पाण्यात हात नको घालू."

* * *

भाऊजी आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, डोळ्यांवर चष्मा, पायात कोऱ्या करकरीत चपला. त्या चपलांनी अंगठ्याजवळची कातडी सोलली होती, तरी चालण्यात लंगडणं नाही. बाबा फाटकापर्यंत धावले.

"या, या जवाईबापू! काय ऊन म्हनता!"

"ऊन तर असणारच, बाबा. तुम्ही बरे आहात ना? गुडघे कसे आहेत?" इतका मऊ आवाज, की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. अमरावतीच्या पतपेढीत ते नोकरीला होते. तिथेही म्हणे सगळे त्यांना 'शांतराम' म्हणायचे.

सानूसाठी त्यांनी भिंगरी आणली होती. "सानू, इकडे ये."

सानू गेली. पण दोन्ही हात पाठीमागे नेऊन, एकमेकांत घट्ट धरून. भिंगरी घ्यायला तिने तोंड पुढे केलं.

"खोडकर," भाऊजी हसले. मग ताईकडे न बघता म्हणाले, "पाणी."

ताई पळाली. माझी ताई, जी कॉलेजात असताना रस्त्यात छेड काढणाऱ्या पोट्ट्याच्या सायकलची हवा सोडून आली होती, ती पळाली.

"आणि चैताली काय म्हणते? किती टक्के?" त्यांनी मला विचारलं. माझ्या घशात गोळा. ते बाबांकडे वळले. "मुकी आहे का हो ही? चांगलं आहे. मुलींचा आवाज कमी असलेला बरा, घर शांत राहतं."

बाबा हसले. मी आतल्या आत दातओठ खाल्ले आणि पेले फिरवायला अंगणात गेले.

गंजाजवळ सावलीत सानू बसली होती. भिंगरी तशीच मातीत पडलेली. तिने एका विटेवर बाहुली बसवली होती. माझ्याकडे पाठ होती, मी आले ते तिला कळलं नाही. तिने बाहुलीचा डावा हात धरला आणि त्याची रबरी बोटं मागे वाकवायला घेतली. सावकाश. आणि हळू, मऊ, मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "आवाज नाही. आवाज केला की अजून एक."

माझ्या पायांखालची माती तापलेली होती, मला कळलंसुद्धा नाही.

"सानू, काय खेळून राहिली?"

ती दचकली. मग मी आहे म्हटल्यावर जरा सैल झाली. "घर घर."

"ही कोण?"

"आई."

"आणि तू?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "पप्पा."

मग तिने गोणपाटात उरलेला बर्फाचा खडा उचलला, बाहुलीच्या बोटांवर दाबून धरला आणि म्हणाली, "झालं. आता बर्फ लाव आणि स्वयंपाक कर."

मी स्वयंपाकघरात कशी गेले, आठवत नाही. आई धोंडे तळत होती. घामाने तिचं कुंकू ओघळलं होतं.

"आई, ताईची बोटं दारात नाही सापडली."

झारा तेलावर थांबला. "कोण सांगते?"

"सानूनं बाहुलीवर करून दाखवलं. तो बोटं धरून मागे..."

"मले मालूम हाय," आई म्हणाली.

मी बघतच राहिले.

"दारात सापडलेली बोटं चेंदतात, चैतू. मागं नाही वाकत. हळद लावली तवाच दिसलं मले." तेलात एक धोंडा करपायला लागला, तो तिने काढलाच नाही.

"मग सांग ना बाबांना! हाकलून दे त्याला!"

"पाटावर बसवाले आणलेल्या जवायाले उठवाचं असते का कुठी? दारात दिवा लावला हाय. इंगळेबाई येऊन बसल्या. एवढी पूजा होऊन जाऊ दे, मंग मी बोलतो."

"मग चारची बस आहे, आई."

तिने करपलेला धोंडा बाजूच्या ताटलीत काढला, बाकीचे चांदीच्या वाटीत रचले आणि पदराने तोंड पुसून बाहेर गेली.

* * *

दोन पाट, भोवती रांगोळी. एका पाटावर भाऊजी, दुसऱ्यावर ताई, डावा हात पदराखाली. इंगळेकाकू ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. बाबांच्या खांद्यावर कोरा पंचा, पाय पुसायला. भाऊजींच्या पुढ्यात पितळी परात, आणि परातीपुढे माझी आई, खाली बसलेली. तिने त्यांचे दोन्ही पाय उचलून परातीत घेतले. सोललेल्या अंगठ्याला धक्का लागू नये, म्हणून टाचा तळहातांवर तोलून धरल्या.

बाबांनी तांब्यातून धार सोडली आणि हात मागे घेतला. "अरे, हे पाणी तर तापलं. चैतू! थंडगार पाणी आण. उन्हातून आले जवाईबापू, पाय शांत होऊ दे त्यायचे."

घरात सगळ्यात थंड पाणी कुठे होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी अंगणात गेले. गंजाच्या कडेला वाटी घालून मिठाचं पाणी तांब्यात भरलं, वर बर्फाचा खारट चुरा. तांब्याला लगेच पांढरं दव धरलं. नुसत्या हाताने धरवेना, म्हणून फ्रॉकच्या घेरात धरला. येताना मोगरीवर पाय पडला. का कोण जाणे, तीही उचलून काखेत मारली.

ताईने मला येताना पाहिलं. तांब्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिने 'नको' अशी मान हलवली नाही.

मी ओतलं नाही, उपडंच केलं.

'स्स' एवढंच भाऊजींच्या तोंडून आलं. पाय ताठरले, सोललेल्या अंगठ्यात मीठ गेलं, मानेची शीर दोरीसारखी वर आली. आता माझ्याकडे बघतील, आता मला झोडपतील, म्हणून मी डोळे बारीक केले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पाणी मी टाकलं होतं, तांब्या माझ्या हातात होता. त्यांचा हात मात्र आपोआप बाजूच्या पाटावर गेला, पदराखाली शिरला, ताईचा डावा हात बाहेर काढला आणि चिंधीशेजारचं चांगलं बोट धरून मागे वाकवलं. अंधारात घरच्या माणसाला दिव्याचं बटण सापडावं, तसं ते बोट त्यांना सापडलं.

"आवाज नाही," ते मऊपणे म्हणाले.

लादी फुटताना आतून येतो तसा आवाज आला. फक्त लहान.

आणि ताई ओरडली. अशी ओरडली, की छताच्या टिनाला कंप सुटला. इंगळेकाकूंच्या हातातलं ताट खाली पडलं, कुंकू सांडलं, सुपाऱ्या घरभर पळाल्या.

मी मोगरी टाकून त्या हाताला लटकले आणि मनगटाला कडकडून चावले. तोंडात त्याच्या घड्याळाचा पट्टा, घाम, रक्त. त्याने दुसऱ्या हाताने मला झिंझाडून फेकलं. माझी हनुवटी परातीच्या काठावर आपटली. परातीतलं पाणी लाल झालं.

हो, 'त्याने'. भाऊजी हा शब्द तिथेच परातीत बुडाला.

एवढं होऊनही तो हसत होता! ताईचं मोडलेलं बोट मुठीत, आणि माझ्या आईकडे बघून म्हणतो, "काही नाही आई, जरा कळ लागली. पोरगी अवखळ आहे. तुमचं चालू द्या."

आईच्या हातात अजून त्याच्या टाचा होत्या.

तिने त्या टाचांकडे पाहिलं. मग बोटं आवळली आणि रहाट ओढावा तसे दोन्ही पाय एका हिसक्यात स्वतःकडे ओढले. तो पाटावरून उलटा गेला, डोकं भिंतीवर ठाण् आपटलं, ताईचा हात सुटला. परात कलंडली, सगळी रांगोळी वाहून गेली. तो उठायला कोपर टेकतो न टेकतो, तोच आईने माझी टाकलेली मोगरी उचलली.

माझी आई रोज घरातल्या सगळ्या चादरी हाताने धुते. तिचा हात बसतो कसा, ते गोधडीला विचारावं. पहिला नडगीवर. दुसरा मांडीवर. तिसरा त्या हातावर, मी चावले होते तिथेच. त्याचा आवाज शेवटी निघाला. मऊ बिऊ काही नाही, आमच्या दारावरून डुकरं हाकलतात तेव्हा निघतो तसा.

"आई, डोक्यात नको!" ताई ओरडली. "डोक्यात नको, तुला आत टाकतील!"

"नाही मारत डोक्यात," आई धापा टाकत म्हणाली आणि गुडघ्यावर हाणली.

"बाबा!" तो फरशीवर सरकत ओरडला. "बाबा, आवरा यांना! सांगा काहीतरी!"

बाबा पंचा घेऊन तसेच उभे होते. सवयीने एक पाऊल पुढे आले. "अव, काय करून राहिली... जवाईबापू हायेत ते..."

"जवाईबापू पाटावर व्हते," आई म्हणाली. "हा खाली पडला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ताईकडे. ताईने हात पुढे केला होता. तीन बोटं तीन दिशांना. माझ्या बाबांनी आयुष्यभर कापड मोजलंय, वाकडं काय आणि सरळ काय, त्यांना एका नजरेत कळतं. ते वाकले, अनारशांच्या ताटातला दिवा त्यांनी चिमटीत धरून विझवला.

"पूजा झाली," ते म्हणाले. "उठा."

तो भिंत धरून उठला. उठता उठता बाबांच्या छातीत त्याने कोपर मारलं. बाबा हेलपाटले, सावरले आणि उजव्या हाताने त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की त्याचा चष्मा अनारशांत जाऊन पडला. तोपर्यंत इंगळेकाकू फाटकात उभ्या राहून सगळ्या गल्लीला हाका मारत होत्या. "या व माय, या! पाहा जवायाचे पराक्रम! पोरीचे बोटं मोडते हा शांतराम!"

दारं उघडली. बायका बाहेर आल्या. तो चपला शोधायला वाकला, तेव्हा आईने मोगरी परत उचलली. चपला तशाच राहिल्या. डांबर पाघळलेल्या रस्त्यावरून, मिठाने चुरचुरणारे अनवाणी पाय उचलत तो नाक्यापर्यंत कसा नाचत गेला, ते आमच्या गल्लीत अजून करून दाखवतात.

नंतर दवाखाना झाला. माझ्या हनुवटीला टाके पडले. वण अजून आहे, आणि मला तो आवडतो. ताईच्या एक्स-रेत ताज्या मोडीशेजारी जुन्या मोडी दिसल्या. पोलीस ठाण्यात बाबा बोलायला लागले, तर ती म्हणाली, "थांबा, मी सांगते," आणि तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. चारची बस तिच्याशिवाय गेली.

पण त्याआधी, इंगळेकाकू रिक्षा आणायला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. ताई ओट्यावर बसली होती, हात मांडीवर पालथा. आई तिला पदराने वारा घालत होती. मी हनुवटीला बाबांचा तो कोरा पंचा दाबून धरला होता. आणि खाटेखालून सानू बाहेर आली.

"कांड्या झाल्या?" तिने विचारलं.

मी गंजात हात घातला. एक पेला ओढून काढला, तळव्यांत चोळला, कामटी फिरवली. सुळकन बाहेर आली! टरबुजाची लालबुंद कांडी, टोकाला पांढरी वाफ. पहिलीच, आणि काय जमली होती! मी ती सानूच्या हातात दिली.

तिने ती तोंडाला लावली नाही. सरळ ताईपाशी गेली आणि टम्म सुजलेल्या बोटांवर हळूच टेकवली.

"आता बर्फ लाव," ती म्हणाली. या वेळी स्वतःच्या आवाजात.

ताईने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं, कांडी तिच्या ओठांपाशी नेली.

"हा लावायचा नाही, सानू. हा खायचा."

सानूने आधी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं, रस्त्यावर नुसतं ऊन.

"चावू? आवाज होईल."

"होऊ दे," ताई म्हणाली.

आणि सानूने कांडीचा कचकन लचका तोडला.